वाचक विचारतात: वजन, वाढतं पोट आणि अंडाशयाचा कर्करोग

मागच्या अंकात लठ्ठपणाशी संबंध असलेल्या तेरा कर्करोगांची यादी दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ती जाहीर केली. तिच्यात अंडाशयाचं नाव आहे, आणि त्या एका नावावरून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न: माझं वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ८४ किलो. ती यादी वाचल्यापासून झोप उडाली आहे. मला अंडाशयाचा कॅन्सर होणार का? (एक वाचक, दापोली)

यादीत नाव आहे म्हणजे संबंध असल्याचा पुरावा भरपूर आहे. तो संबंध किती घट्ट, हे यादी सांगत नाही. त्याच यादीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही आहे. सर्वांत स्थूल गटातल्या बायकांमध्ये त्याचा धोका बेताच्या वजनाच्या बायकांच्या सुमारे सातपट निघाला. अंडाशयासाठी तोच आकडा १.१ आहे. सात आणि एक पूर्णांक एक दशांश, दोन्ही एकाच यादीत बसतात. घाबरायला होतं ते यामुळे.

अंडाशयाबद्दलचा मोठा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. १४ देशांतल्या ४७ अभ्यासांची मूळ माहिती एकत्र केली होती: आजार झालेल्या २५,१५७ बायका आणि न झालेल्या ८१,३११. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या कधीच न घेतलेल्या बायकांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दर ५ ने वाढला की धोका १० टक्क्यांनी वाढत होता. गोळ्या घेतलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. आपल्या गावांत अशा गोळ्या घेणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, तेव्हा पहिला आकडाच धरू.

तुमची उंची १.५५ मीटर. ८४ ला १.५५ ने दोनदा भागलं की बीएमआय ३५ येतो. २५ असलेल्या बाईपेक्षा तो १० ने जास्त, म्हणून धोका साधारण २० टक्के जास्त. आता हे २० टक्के कशावर, ते बघा. भारतात ७५ वर्षांपर्यंतच्या आयुष्यात हजारातल्या सुमारे सात बायकांना हा आजार होतो. सातवर २० टक्के वाढले की साडेआठ होतात. हजारात दीड बाई जास्त, एवढाच तो फरक.

मुलं झाली असतील, त्यांना अंगावर पाजलं असेल, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं असेल, तर यातली प्रत्येक गोष्ट हा धोका कमी करते. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच: दर पाच वर्षांच्या वापरामागे साधारण एक पंचमांश घट.

वजन मात्र उतरवाच, पण त्याची कारणं वेगळी आहेत: मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि ते सातपटवालं गर्भाशयाचं अस्तर. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एखादा डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. तुमच्या वजनाच्या बाईसाठी या पानावरची सगळ्यात कामाची सूचना हीच आहे, आणि ती अंडाशयाबद्दलची नाही.

कंबरही मोजून ठेवा. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर पोटाची चरबी जास्त, असं २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या निकषांत ठरलं आहे. टेप शिंप्याची, न ताणणारी घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या त्वचेवर, सहज श्वास सोडून झाल्यावर मापायचं. बहुतेकजणी साडीच्या निऱ्या खोचतात तिथे मापतात. ते माप चुकतं.

प्रश्न: चरबी म्हणजे नुसती साठवण. ती अंडाशयात जाऊन कर्करोग कसा करणार? (विज्ञान शिक्षक, देवगड)

चरबीला कोठार समजणं ही जुनी समजूत. चरबीच्या पेशी रक्तात सतत काहीतरी सोडत असतात. त्यांच्यात ॲरोमाटेज नावाचं विकर असतं. पाळी गेल्यावर अंडाशयाचं इस्ट्रोजेन थांबतं, पण हे विकर शरीरातल्या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करत राहतं. चरबी जितकी जास्त, तितका हा कारखाना मोठा. दुसरीकडे पोटावर चरबी असलेल्यांच्या रक्तात इन्सुलिन चढं राहतं. इन्सुलिन पेशींना वाढायला सांगतं, शिवाय हार्मोनना बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन कमी करतं, त्यामुळे मोकळं इस्ट्रोजेन आणखी वाढतं. तिसरी गोष्ट मंद, न दिसणारा दाह: लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन घटतं, इंटरल्युकिन-६ सारखी दाहक द्रव्यं वर राहतात.

इतकं असूनही आकडा १.१ वरच का? कारण 'अंडाशयाचा कर्करोग' हे एकाच आजाराचं नाव नाही. सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सीरस. तो बहुतेक वेळा अंडाशयात नव्हे, तर बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो, आणि वजनाशी त्याचं नातं जवळजवळ सापडत नाही. २०१३ साली १५ अभ्यासांची माहिती प्रकारवार वेगळी केली, तेव्हा वजनाबरोबर वाढ दिसली ती एंडोमेट्रिऑइड, म्युसिनस आणि सीमारेषेवरच्या (पूर्ण कर्करोग न म्हणता येणाऱ्या) सीरस गाठींत. सगळे प्रकार एका टोपलीत टाकले की हा फरक पुसला जातो आणि हाती फिका आकडा येतो.

वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट अजून आहे. हा आजार पसरताना सर्वांत आवडीने जातो तो ओमेंटमवर. ओमेंटम म्हणजे आतड्यांवर पुढून लोंबणारा चरबीचा पदर. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की तिथल्या चरबीच्या पेशी कर्करोगाच्या पेशींना रासायनिक संदेश देऊन बोलावतात आणि आल्यावर आपल्यातली मेदाम्लं त्यांना इंधन म्हणून पुरवतात. म्हणजे रोग सुरू होण्यात चरबीचा हात लहान असला तरी पसरलेल्या रोगाचं खाणंपिणं ती बघते. संशोधकांचं लक्ष सध्या या दुसऱ्या बाजूकडे जास्त आहे, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न: आई ६१ वर्षांची, आधीपासून जाड. पाच महिन्यांत परकराची नाडी तीनदा सैल करावी लागली. दोन घास पेज प्यायली की पोट भरलं म्हणते. लघवीला सारखी जाते. वजनकाटा मात्र तिथल्या तिथेच आहे. गॅस म्हणून ओवा, हिंग आणि गोळ्या चालू आहेत. बाकी काय करावं? (एक शिक्षिका, लांजे)

पत्र वाचून थांबू नका, या आठवड्यात तिला दाखवा.

पोट वाढतंय आणि काटा हलत नाही, ही चांगली खूण नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पोटात पाच लिटर पाणी साठलं आणि दंड-मांड्यांवरचं मांस पाच किलोने झडलं, तर काटा तेच दाखवणार. तिच्या बांगड्या आता कोपराकडे सरकतात का, ब्लाऊजच्या बाह्या ढिल्या झाल्या का, ते बघा. चरबीचं पोट वर्षानुवर्षं वाढतं, चिमटीत धरता येतं आणि बेंबी खोल जाते. पाण्याचं पोट आठवड्यांत वाढतं, तटतटीत लागतं आणि बेंबी सपाट होते किंवा बाहेर येते. आडवं झाल्यावर पाणी दोन्ही कुशींकडे पसरतं.

पोट फुगणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, लवकर पोट भरणं आणि लघवीची घाई ही या आजाराची चार लक्षणं. ती प्रत्येकीला कधी ना कधी होतात. नवीन असतील, वर्षाच्या आत सुरू झाली असतील आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस त्रास देत असतील, तर तपासायची. जाड बाईचं पोट वाढलं की घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही ते नवीन वाटत नाही. निदान मागे पडतं ते इथेच.

पहिल्या फेरीत संपूर्ण पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, रक्तात सीए-१२५ (या आजारात बऱ्याचदा वाढणारं प्रथिन, म्हणजे मार्कर), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. जाड पोटावरून घेतलेली सोनोग्राफी धूसर येते, कारण चरबीच्या थरात ध्वनिलहरी विरतात. योनिमार्गातून केलेल्या तपासणीत अंडाशय काही सेंटीमीटरवरून दिसतो. 'आतून करणार का' असं स्पष्ट विचारा. पोटावरूनच करून 'गॅसमुळे अंडाशय दिसले नाहीत' असा रिपोर्ट आला, तर तपासणी झालीच नाही असं समजा.

रिपोर्टात पाच गोष्टी शोधा: गाठीत अनेक कप्पे, गाठीत घट्ट म्हणजे सॉलिड भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी म्हणजे ॲसायटिस, आणि गाठ सोडून इतरत्र रोगाच्या खुणा. एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३ गुण. पाळी गेली असेल तर त्याला ३ ने गुणायचं, नसेल तर १ ने. मग सीए-१२५ च्या आकड्याने गुणायचं. उत्तर २०० च्या वर गेलं तर शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगाच्या सर्जनकडेच व्हायला हवी. उदाहरण घ्या: सीए-१२५ फक्त ४०, म्हणजे ३५ च्या मर्यादेच्या जरासा वर. पण दोन्ही बाजूंना गाठी आहेत, पोटात पाणी आहे आणि पाळी गेलेली आहे. ३ गुणिले ३ गुणिले ४० म्हणजे ३६०. 'मार्कर थोडाच वाढलाय' या समाधानात राहू नये ते यासाठी.

उलटही होतं. पोटाच्या टीबीत सीए-१२५ शेकड्यांत जातं, पोटात पाणी होतं, ओमेंटम जाड दिसतं, आणि चित्र हुबेहूब कर्करोगासारखं दिसतं. आपल्या भागात टीबी काही संपलेला नाही. म्हणून पाण्याचा किंवा ओमेंटमच्या तुकड्याचा तपास झाल्याशिवाय केमो सुरू होऊ देऊ नका.

दोन चुका महाग पडतात. एक, पाणी नसताना बंद गाठीत सुई घालून तपासणं. गाठीच्या आतच असलेला रोग त्या भोकातून पोटात सांडतो आणि पहिल्या टप्प्याच्या 'ए' मधला आजार 'सी' मध्ये जातो. पोटात साठलेलं पाणी काढून तपासणं वेगळं, ते चालतं. दुसरी, 'साधी गाठ असेल' म्हणून जवळच्या छोट्या रुग्णालयात फक्त गाठ काढून घेणं. नंतर कर्करोग निघाला की पुन्हा पोट उघडावं लागतं. तसं झालंच असेल तर काढलेल्या गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. पुढच्या रुग्णालयात नुसत्या कागदी रिपोर्टावर भागत नाही.

कुठे जायचं? रायगड-रत्नागिरीकडून परळचं टाटा आणि त्यांचंच खारघरचं केंद्र, चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, सिंधुदुर्गातून अनेकजण गोव्यात बांबोळीला जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्या रुग्णालयात लागू आहे का, ते निघण्याआधी फोन करून विचारा. तिथल्या आरोग्यमित्राला भेटताना आधार, रेशनकार्ड, सगळे जुने रिपोर्ट आणि सीटी स्कॅन झाला असेल तर त्याची सीडी जवळ असू द्या. फिल्म पुरत नाही.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची, वजन ७१. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरीत गाठी आल्या, पीसीओडी लिहिलंय. याचाच पुढे कॅन्सर होतो का? (एक पालक, चिपळूण)

त्या गाठी नव्हेत. दोन ते नऊ मिलिमीटरची, अर्धवट वाढून थांबलेली बीजकोशांची पुटकुळी आहेत, तांदळाच्या दाण्याएवढी. कापून काढायचं त्यात काही नाही. पीसीओडीमुळे अंडाशयाचा कर्करोग होतो याला भक्कम पुरावा नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा धोका मात्र वाढतो, कारण बीज सुटलं नाही की पाळी येत नाही आणि अस्तर महिनोन् महिने नुसतं जाडच होत राहतं. म्हणून 'पाळी नाही आली तर कटकट गेली' असं घरात म्हणू नका. तीन महिन्यांत एकदा तरी पाळी यायला हवी. आली नाही तर डॉक्टर गोळ्या देऊन आणतात. वजन ५ ते १० टक्के उतरलं, म्हणजे तिच्या बाबतीत साडेतीन ते सात किलो, तरी बहुतेकदा पाळी पुष्कळ सुधारते.

प्रश्न: नारळ आणि भात सोडला तर धोका जाईल का? (मालवण)

नाही. नारळामुळे अंडाशयाचा कर्करोग होत नाही आणि सोडल्याने टळत नाही. वजनाच्या हिशेबात मात्र तो येतो: शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी. चार माणसांच्या कालवणात एक वाटी खोबरं फार नाही. तेच सोलकढीत, उसळीत, पोह्यांवर आणि संध्याकाळी खापरोळ्यांच्या रसात गेलं की दिवसाची बेरीज मोठी होते. आमचा रोख खरं तर दोन वेगळ्या गोष्टींवर आहे. एक चहा: दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी, त्याही पोट न भरता. दुसरी रव्यात घोळून तेलात बुडवलेली मासळी. तोच बांगडा तव्यावर एक चमचा तेलात किंवा तिरफळं घालून कालवणात करा. मासा सोडू नका.

प्रश्न: मी सामाजिक वैद्यकशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. 'कोकणातल्या स्त्रियांमधील लठ्ठपणा व अंडाशयाचा कर्करोग' हा प्रबंधाचा विषय घ्यायचा आहे. ६० रुग्ण मिळतील. कसं करू? (सावंतवाडी)

साठ रुग्णांत हा प्रश्न सुटणार नाही. गणित करून बघा. न झालेल्या गटात २५ टक्के बायका लठ्ठ धरा, ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), ५ टक्के सार्थता (नसलेला फरक दिसण्याची शक्यता). शक्यता दुप्पट होत असेल तर ती पकडायला प्रत्येक गटात सुमारे १५० बायका लागतात. १.३ पट असेल तर सुमारे ११५०. आणि खरा आकडा जिथे आहे, त्या १.१ साठी प्रत्येक गटात जवळपास ९०००. जगभरच्या संशोधकांना ४७ अभ्यास एकत्र आणावे लागले ते उगाच नाही. साठांत 'संबंध आढळला नाही' असं आलं तर त्याला अर्थ नाही, आणि तिप्पट धोका आढळला तर तो बहुधा मोजमापाच्या चुकीचा.

चूक कुठे शिरते? सर्वांत आधी वजनात. रुग्ण दाखल झाली त्या दिवशीचं वजन घेतलंत तर त्यात पोटातलं पाणी आलं, आणि आजाराने झडलेलं मांस गेलं. कंबरेचं माप तर पूर्णच निकामी. निदानाच्या आधीचं वजन हवं, एक आणि पाच वर्षांपूर्वीचं. ते आठवणीवर असतं, म्हणून खुंट्या द्या: अमुक वर्षीच्या गणपतीत, धाकट्याच्या लग्नात, पाळी गेली त्या सुमारास. बाळंतपणाच्या कार्डावर तेव्हाचं वजन लिहिलेलं असतं, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या केसपेपरवरही. तो कागद हातात आला तर आठवणीपेक्षा त्याला मान द्या. उंची मात्र स्वतः मोजा. उंचीचाही या आजाराशी थोडा संबंध आहे, आणि उंची चुकली की बीएमआयही चुकतो.

मग तुलनेचा गट. अस्थिरोग विभागातल्या गुडघेदुखीच्या बायका घेतल्यात तर त्या आधीच जाड, आणि संबंध असला तरी पुसला जाईल. मधुमेहाच्या ओपीडीतही तेच. रुग्णाच्याच गावातल्या, त्याच वयाच्या, अंडाशय शाबूत असलेल्या बायका शोधाव्या लागतील. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशय काढलेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना हा आजार जवळजवळ होऊच शकत नाही, म्हणून त्या गटात नकोत.

कोकणाची आपली अडचण वेगळी. आजार गावात सुरू होतो, निदान मुंबईत होतं, कारण मुलगा तिथे चाकरमानी. रुग्णालयाच्या कागदावर पत्ता लालबागचा किंवा विरारचा लागतो. तेव्हा 'मागचं वर्षभर कुठे राहत होतात' हा प्रश्न वेगळा विचारा.

नोंदवायच्या बाकीच्या गोष्टी: बाळंतपणं, अंगावर पाजल्याचे महिने, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, गर्भनिरोधक आणि हार्मोनच्या गोळ्या, पाळी आल्याचं आणि गेल्याचं वय, एंडोमेट्रिऑसिस, घरातले स्तनाचे आणि अंडाशयाचे कर्करोग. गाठीचा प्रकार पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातून शब्दशः उतरवा. नुसतं 'कार्सिनोमा ओव्हरी' लिहिलेला कागद या प्रश्नासाठी निरुपयोगी.

आमचा सल्ला, विषयच बदला. साठ रुग्णांत उत्तर मिळेल असा प्रश्न घ्या: पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत किती दिवस गेले, मधे किती डॉक्टर झाले, पहिली सोनोग्राफी पोटावरून की आतून, आणि जाड बायकांत हा वेळ जास्त आहे का? याचं उत्तर तुमच्या जिल्ह्याला उपयोगी पडेल. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र पहिला रुग्ण भेटण्याआधी हातात हवी, मागाहून चालत नाही.

प्रश्न: लॅबवाले दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफीचं पॅकेज घ्या म्हणतात. घ्यावं का? (राजापूर)

त्रास नसेल आणि घराण्यात हा आजार नसेल तर नको. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ बायकांवर हीच चाचणी झाली. २०२१ साली अंतिम निकाल आला: तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या तशाच चाचणीत ३,२८५ बायकांना खोटा इशारा मिळाला, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. कर्करोग त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता.

प्रश्न: आई आणि मावशी दोघी याच आजाराने गेल्या. मी सडपातळ आहे, ४८ किलो. मग मला भीती नाही ना? (गुहागर)

तुमच्या बाबतीत वजनाला जवळजवळ किंमत नाही. एकाच घरात दोघींना झाला म्हणजे बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकातला दोष असण्याची शक्यता आहे. पहिल्यात ८० वर्षांपर्यंत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यात १७. वर दापोलीच्या वाचकांना सांगितलेले हजारात सात आठवा. या घराण्यांत बहुतेकदा तोच हाय-ग्रेड सीरस प्रकार येतो, ज्याचं वजनाशी फारसं नातं नाही.

जनुकीय समुपदेशकाकडे जा. आजार झालेल्या व्यक्तीची तपासणी आधी झाली तर उत्तर स्पष्ट मिळतं. आईचे किंवा मावशीचे मेणाचे ब्लॉक रुग्णालयात शिल्लक असतील तर त्यांवरही कधीकधी करता येते. तुमच्यात दोष निघाला तर मुलं झाल्यावर, पहिल्या जनुकासाठी ३५ ते ४० आणि दुसऱ्यासाठी ४० ते ४५ या वयात, दोन्ही बीजवाहिन्या आणि अंडाशय काढून टाकायचा सल्ला देतात. मामालाही सांगा. दोष पुरुषांतून मुलींकडे जातो, आणि 'आमच्या बाजूला कोणाला नाही' असं म्हणणाऱ्या घरात तो तसाच पुढे जातो.

प्रश्न: पत्नीला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन सुरू आहे. वय ५८, उंची १५२ सेंटीमीटर, वजन ८२, क्रिएटिनिन ०.८. एका डॉक्टरांनी कार्बोप्लॅटिन ६२० मिलिग्रॅम सांगितलं, दुसऱ्यांनी ४९०. कोण चुकलं? वजन जास्त म्हणून औषध कमी देतात का? (अलिबाग)

दोघांचं सूत्र एकच आहे, आत घातलेलं वजन वेगळं. पॅक्लिटॅक्सेल शरीराच्या पृष्ठभागाप्रमाणे देतात, दर तीन आठवड्यांनी चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम. तिथे खरं वजन धरायचं, जाड आहे म्हणून कात्री लावायची नाही. पूर्वी भीतीपोटी लावत, आणि त्यात रुग्णाला औषधच कमी पडे. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ साली पूर्ण डोस द्या असं स्पष्ट सांगितलं.

कार्बोप्लॅटिनचं तसं नाही. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून डोस मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याच्या वेगावर ठरतो: ठरलेला एयूसी (रक्तात एकूण किती औषध मिळावं याचं माप) गुणिले (वेग अधिक २५). वेग क्रिएटिनिनवरून काढतात: १४० वजा वय, गुणिले वजन, गुणिले बायकांसाठी ०.८५, भागिले क्रिएटिनिनच्या ७२ पट. ८२ किलो घातले तर वेग ९९ येतो आणि एयूसी ५ ला डोस ६२०. पण चरबी क्रिएटिनिन तयार करत नाही, स्नायू करतात. म्हणून बीएमआय २५ च्या वर असेल तर अनेक केंद्रं समायोजित वजन घेतात: उंचीप्रमाणे आदर्श वजन, अधिक जादा वजनाच्या ४० टक्के. तुमच्या पत्नीचं आदर्श वजन सुमारे ४५, जादा ३७, त्याचे ४० टक्के १५, म्हणून ६०. त्यावर वेग साधारण ७२ आणि डोस ४९० च्या आसपास. दुसऱ्या डॉक्टरांनी औषध कापलेलं नाही, वजन दुरुस्त केलं आहे. पत्नीचा बीएमआय ३५ च्या वर असल्याने आमचा कल त्यांच्याकडे आहे.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कोणतं वजन धरलं, क्रिएटिनिन ०.७ पेक्षा कमी आलं तर ०.७ धरणार का, आणि वेगाला १२५ ची मर्यादा लावता का. दर फेरीआधी वजन घेतील तेव्हा पोटात पाणी आहे की नाही तेही त्यांना सांगा. पहिल्या दोन फेऱ्यांत पाणी ओसरतं, वजन सहा-सात किलोंनी उतरतं, आणि जुन्याच आकड्यावर हिशेब चालू राहिला तर डोस चुकतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींची तपासणी पुढच्या फेरीच्या एक-दोन दिवस आधी करा. अलिबागहून परळला पोचल्यावर रिपोर्ट कमी निघाला तर तशीच परतीची बोट धरावी लागते.